तंबूतला नरसिंह

११ एप्रिल १९७१, रवि.
आबांनी मुखवटा माळ्यावरून खाली काढला. सत्तावीसला गावची आखाडी, सोंगं नाचवायचा उत्सव. त्यातलं नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तीस वर्षं आबा नाचले. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून माझी पाळी. आजपासून अनवाणी, एकभुक्त, घोंगडीवर झोप. शालू म्हणाली, "शाळेतही अनवाणी जाणार का हो?" जाणार. हेडमास्तर बोलतील ते बोलोत.
नाच जमेल. नाचाची भीतीच नाही. नाच झाला की सगळं गाव समोर बसतं नि पाटील विचारतात, पाऊस कधी? तिथे अंगात आलेल्या देवाने बोलायचं असतं. ड्रॉइंग मास्तराने नव्हे.

१३, मंगळ.
तालीम. मुखवटा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, तरी मान मोडायची वेळ. संबळ घुमत होतं आणि माझ्या डोक्यात काय, तर सातवीचे पेपर तपासायचे राहिलेत! अंगावर काटासुद्धा नाही. आबा ओट्यावरून बघत होते. तालीम संपायच्या आधीच उठून आत गेले. रागावले असते तर बरं.

१५, गुरु.
कोपरगावला बाजारतळावर तंबू लागलाय. पौराणिक नि जादूच्या सिनेमांतले पोशाख, हत्यारं वगैरेंचं प्रदर्शन. शालूला घेऊन गेलो, घरात बसवत नव्हतंच.
राक्षसाची गदा म्हणजे पत्र्याचा डबा. उडत्या गालिच्याला खालून तारा. एक रिकामा हँगर, खाली पाटी: 'अदृश्य होण्याचा अंगरखा'. लोक तिथेच जास्त वेळ थांबत होते! शालू हसून हसून बेजार.
शेवटी पुतळ्यावर चढवलेला नरसिंहाचा मुखवटा. कागदाचा लगदा, सोनेरी रंग, तागाची आयाळ. शेजारी पुठ्ठ्याचा खांब. बायका चपला काढून पुढे जात होत्या, पायाशी नारळ, हळदकुंकू. मालक खामकर, गळ्याला रुमाल, कपाळाला हात लावून म्हणाला, "काय करू साहेब, रोज सकाळी कुंकू पुसतो." मी ड्रॉइंग मास्तर म्हटल्यावर लगेच गळ्यात पडला. नाकाचा रंग उडालाय, द्याल का लावून?
हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. झोप नाही.

१७, शनि.
शालू झोपल्यावर लिहितोय.
दुपारी तंबूत गेलो. रंग लावला. वाळल्यावर डोळ्यांची भोकं नीट दिसताहेत का पाहावं, म्हणून तोंडावर धरला. पुढचं मला ठाऊक नाही.
खामकरने सांगितलं ते लिहितो. मी ओरडलो. खांब फाडला. एक म्हातारी समोर आली, पदर पसरून काहीतरी विचारत होती, मी काहीतरी बोललो, ती डोळे पुसत गेली. काय बोललो? लाउडस्पीकरमुळे खामकरला ऐकू आलं नाही. तो खूश होता, "मास्तर, मुंबईला चला, नशीब काढाल!" खांबाचंसुद्धा काही बोलला नाही.
मला आठवतं ते एवढंच, की मी नव्हतो. आणि फार बरं वाटत होतं.

१८, रवि.
घरी आमचा मुखवटा बांधून तासभर नाचलो. घाम. बाकी शून्य. देवा, ही काय थट्टा? बापजाद्यांच्या लाकडात येत नाहीस आणि सिनेमावाल्याच्या रद्दीत येतोस!
मग वाटलं, आलं ते देवच कशावरून?

२१, बुध.
शाळा सुटल्यावर बाजारात गेलो, म्हातारी शोधायला. हिरवं लुगडं, खामकरने दिलेली एवढीच खूण. बाजारात हिरव्या लुगड्यांना काय तोटा! एकीला विचारलं तर ती म्हणाली, "का वो मास्तर, काय हरवलंय?" 

२४, शनि.
खामकरला विचारलं, आखाडीला एक दिवस मुखवटा द्याल का? खांब नवा करून द्या, म्हणाला, मग न्या. म्हणजे आता अडचण फक्त घरातली. आबांना कसं सांगू? ज्या लाकडापुढे ते रोज माथा टेकतात, ते बाजूला सारून तागाची आयाळ! शालूला सांगितलं. तिने हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मामंजींना फसवू नका. बाकी काय करायचं ते करा."

२६, सोम.
खांब पोचवला. मुखवटा पोत्यात घालून सायकलवर आणला. आबांपुढे ठेवला नि सगळं सांगितलं. खांब, म्हातारी, सगळं.
वाटलं, हाकलून देतील. आबांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दिनू, मला कंदी आलं न्हाई."
मला कळेचना.
"तीस वर्सं नुस्ता नाचलो. वरडायचो, घुमायचो. पावसाचं इचारलं की आभाळाकडं बगून जिभंला यील ते बोलायचो. लोकं पाया पडायची. म्या वाट बगायचो, औंदा यील, औंदा यील."
लहानपणी मी या माणसाला घाबरून कणगीमागे लपत असे. आज जवळ जाऊन बसलो. राग नाही आला. रडू आलं, तेही माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, माहीत नाही.
आबांनी पोतं सोडलं. आयाळीवर हात फिरवत राहिले.
"कसं असतंय रं त्ये?"
 बरं असतं, एवढंच म्हणालो.

२७, मंगळ. सायंकाळ
आबांनी सकाळीच आंघोळ करून अंगाला हळद लावून घेतली. गुडघ्यांना फडकी बांधलीत, घट्ट. मुखवटा मांडीवर. खामकरचा.
"यंदा म्याच निघतो. येकदा. तुला म्होरं लई वर्सं हायती."
शालू म्हणाली, जाऊ द्या हो त्यांना. जाऊ द्या! ते पडले तर? आणि नाहीच आलं तर, यांना याही मुखवट्यात? खरं लिहायचं तर वेगळीच भीती आहे. आलं तर? मग मी काय करू? माझं आहे ते. मला सापडलंय. बापाचा असा हेवा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. हळद मीही लावून बसलोय.
सांगतो त्यांना, की मीच
संबळवाले दारात आले. ओरडून विचारताहेत, "सोंग तयार हाय का?"
आबा म्हणाले, "हाय."
मीही म्हणालो, "आहे."