तीन सह्या आणि एक एकनाथ

रेल्वे क्वार्टर्स, डहाणू रोड
गुरुवार, ८ फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप मनोरमाआत्या यांस,

तुमच्या जयमालाचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही म्हणतात, पण वरची ओळ लिहिताना मी खरोखर वाकले होते. त्यामुळेच ती तिरकी गेली आहे. एरवी माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? आई म्हणते, निरगुडीचा शेक सोडू नका. बोर्डीची हवा थंड असली तरी सकाळी अनवाणी वाडीत हिंडू नका, असं बाबा म्हणतात. वटवाघळं यंदाही चिकू खातात का, असं मी विचारते. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीने खुशाल आहोत. आई आणि बाबा एकमेकांशी सोमवारपासून माझ्यामार्फत बोलतात, पण ते पुढे येईल.

पत्रास कारण की, आमच्या शाळेत दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला सेवेची ढाल मिळते. ढाल लाकडाची आहे, वर पितळी पत्रा आहे आणि ती वर्षभर विजेत्याच्या घरी राहते. आजवर ती एकाही मुलीच्या घरी गेलेली नाही. यंदा ती आमच्याकडे यावी म्हणून आईने बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर काढून खिळा रिकामा ठेवला आहे, आणि घरात कोणालाच तारीख कळेनाशी झाली आहे. आमचे मुख्याध्यापक रेगे सर तुमच्या हाताखाली शिकवायला लागले होते आणि तुमचं नाव निघालं की अजून खुर्चीतून उठतात. तेव्हा तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाव्यात असं मला वाटतं. पण ओळखीवर मान मिळवणारी मुलगी मी नाही, म्हणून मी तो का मिळवावा हे आधी तुम्हाला पटवून देते.

पहिली गोष्ट हजेरीची. नोव्हेंबरात मला गालगुंड झाले, तरी मी मफलर बांधून शाळेत गेले. (आईला मी थंडी वाजते असं सांगितलं होतं.) पुढच्या पंधरवड्यात निम्मा वर्ग गालगुंडाने घरी बसला. तेव्हा मी बरी होऊन रोज येत होते, त्यामुळे वर्गात सर्वांत चांगली हजेरी माझी झाली. यात माझा दोष काढणारे लोक आहेत, पण हजेरी ती हजेरी.

दुसरी गोष्ट श्रमदानाची. गेल्या वर्षी पाहुण्यांच्या हस्ते मैदानाच्या कडेला गुलमोहराचं रोप लावलं आणि त्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. रोपाभोवती काट्यांचं कुंपण होतं आणि आधाराला शेवग्याची चार दांडकी रोवली होती. रोप फार बारीक होतं हो आत्या. मी रोज मोठ्या भक्तीने एका दांडक्याला पाणी घातलं. दांडक्याला पालवी फुटली तेव्हा मी सगळ्या शाळेला दाखवायला नेलं. गुलमोहर त्याआधीच वारला होता. पण आता तिथे शेवग्याचं झाड आहे, आणि शेंगा लागतील त्या रेगे सरांच्याच घरी जातील, कारण भिंतीपलीकडे त्यांचं स्वयंपाकघर आहे. गुलमोहराची आमटी झाली असती का?

तिसरी आणि मुख्य गोष्ट, जिच्यामुळे सगळं झालं. ढालीसाठी अट अशी की तीन प्रौढ, निरक्षर बायकांना सही करायला शिकवायचं, आणि शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की त्यांच्यासमोर ती करून दाखवायची. माझी मैत्रीण प्रभा हिने तीन बायका तिच्या गल्लीतूनच गोळा केल्या. मी ठरवलं की जिथे खरी गरज आहे तिथे जायचं. गरज स्टेशनच्या मालधक्क्यावर होती, जिथे बाबा मालबाबू आहेत. तुम्हाला माहीत आहेच, हल्ली गवताचा हंगाम आहे. आतल्या गावांतून गवताच्या गासड्या येतात, बायका त्या मालगाडीच्या वाघिणीत भरतात, आणि वाघिणी वेळेवर कधीच येत नाहीत. त्यामुळे दुपारी सुकी, लाडकी आणि बारकी गासड्यांच्या सावलीत बसून वाट पाहत असतात. मी शाळेतून तिथे जायची. वर्ग गासड्यांवर भरायचा. (गवत टोचतं, पण वास छान असतो. शाळेत असं काही नाही.)

अक्षर त्यांना भराभर यायला लागलं. सुकी तर पाटीवर पेन्सिल अशी दाबायची की तिच्या सहीवरून आंधळ्यानेही हात फिरवून नाव वाचावं. महिन्यात तिघींना आपापलं नाव आलं, आणि मी म्हटलं, आता पुढे नवऱ्याचं नाव. तिथे वर्ग बंद पडला. तिघी पेन्सिली खाली ठेवून माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काही वावगं मागितलं.

"नाव नाय घेत आम्ही," सुकी म्हणाली.

मी म्हटलं, घ्यायचं नाही, लिहायचं आहे.

"तोंडाने नाय नि हाताने पण नाय," बारकी म्हणाली. "हात काय परका हाय?"

आत्या, याला उत्तर आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. माझी आई स्वतः बाबांना 'अहो' म्हणते, आणि बाबा घरात नसतील तर 'हे' म्हणते. मी कोणत्या तोंडाने वाद घालणार? बरं, पहिल्या नावानंतर जागा कोरी सोडली तर सही पुरी होत नाही, असं शाळेच्या सूचनेत स्पष्ट होतं. तेव्हा मी एक तोड काढली. (त्या दिवशी मला ती फार हुशारीची वाटली होती. बाबांना अजूनही ती तशी वाटत नाही.) मी म्हटलं, सरावापुरतं दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घालू. हात बसला की मग बघू. कोणाचं घालायचं? समोर बाबा कानाला पेन्सिल लावून टेबलाशी बसले होते. लाडकी म्हणाली, "बाबूचं घाल की. बाबूचं नाव लिवायला कोणाची बंदी? तो कोणाचाच नवरा नाय." (हे आईने ऐकलं नाही.) आणि मग सुकी एकनाथ, लाडकी एकनाथ, बारकी एकनाथ अशा पाट्यांवर पाट्या भरल्या. आडनावाला पाटीत जागाच उरत नव्हती. 'बघू' म्हटलेलं ते मी पुढे बघितलंच नाही, कारण तिघींचा 'एकनाथ' इतका सुरेख यायला लागला होता की मोडवेना.

सोमवारी साहेब आले. ठाण्याहून आले होते, टोपी इस्त्रीची होती आणि त्यांना गवताने शिंका येत होत्या. बरोबर रेगे सर. सुकीने सही केली. साहेब शिंकून म्हणाले, छान. लाडकीने केली. साहेबांनी चष्मा पुसला. बारकीने केली, तेव्हा त्यांनी तिन्ही पाट्या ओळीने मांडल्या आणि विचारलं, "काय हो, तुमच्या तिघींच्या यजमानांचं नाव एकनाथ?"

तिघी गप्प बसल्या असत्या तर तीन गावांतले तीन एकनाथ म्हणून सगळं निभावलं असतं. पण लाडकीला वाटलं, साहेब शिकवलेलंच विचारतायत. ती म्हणाली, "तीन कुठले साहेब, एकच हाय. तो काय, टेबलापाशी."

आणि आपलं नाव ऐकल्यामुळे बाबा उठून आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "हो, मीच एकनाथ. काही तक्रार आहे का?"

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मी गासडीच्या मागे होते. साहेबांच्या शिंका मात्र थांबल्या. रेगे सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ते रडत होते की काय ते कळलं नाही. मग मी बाहेर येऊन सगळं सांगितलं, आणि साहेब म्हणाले की अक्षर उत्तम आहे पण सह्या खोट्या आहेत. शनिवारी सकाळी सरांनी पुन्हा तपासावं, तिन्ही खऱ्या निघाल्या तर ढालीचा विचार होईल.

बातमी बाबांच्या आधी घरी पोहोचली. रेल्वे क्वार्टर्समध्ये गाडी उशिरा येते, बातमी येत नाही. बाबा जेवायला आले तर आईने ओळीने चार पाट मांडले होते. पाणी, ताटं, सगळं. बाबांनी विचारलं, कोण येणार आहे? आई मला म्हणाली, "त्यांना विचार, बाकीच्या तिघी कधी येतात. भात निवतोय." बाबांनी मला सांगितलं की तिला सांग, ही सगळी जयमालाची करणी. मी दोन्ही निरोप दोन्हीकडे पोचवले. मग आई पातेल्याकडे बघत हळूच जे बोलली ते निरोप म्हणून नव्हतं. ती म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाली, मी ते नाव उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि त्या रोज पाटी भरभरून लिहितात.

मला हे कधी सुचलंच नव्हतं, आत्या. बाबा पण जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाटी दप्तरातून काढली तर सुकी, लाडकी, बारकी यांच्या ओळींखाली एक चौथी ओळ होती, तीही 'एकनाथ'वर संपणारी, वळणदार, 'ळ' कुठेच नसताना सुद्धा ज्याचं 'ळ' सुंदर असेल असं वाटावं अशा अक्षरात. ते अक्षर आमच्या घरात एकाच माणसाचं आहे. मी ती ओळ पुसली नाही. दुसरी पाटी घेतली.

धक्क्यावर मात्र वारं फिरलं होतं. बारकी म्हणाली, "दुसरीच्या नवऱ्याची बायको होऊन बसण्यापरीस आपल्याचंच लिवलेलं बरं." तिघींनी ठरवलं की तोंडाने घ्यायचं नाही, पण हाताला आता सूट. सुकीच्या नवऱ्याचं नाव तिच्या मुलाने वाघिणीवर चढून सगळ्या स्टेशनला ऐकवलं: चिमण. लाडकीचा नवरा स्वतःच आला, 'दशरथ' असं स्पष्ट सांगून गेला आणि जाताना बाबांकडे जरा रोखून बघून गेला. अशा दोन सह्या खऱ्या झाल्या. आता तुम्हीच सांगा, गालगुंडात हजेरी, शेवग्याला जीवदान आणि तीन संसारांची नावं जुळवणं, एवढं करूनही ढाल कोणाला द्यायची हा प्रश्न उरतो का? रेगे सरांना दोन ओळी लिहाच.

तुमची आज्ञाधारक,
जयमाला

ता. क. खरं काम हे आहे. तिसरी सही अडली आहे. बारकी सायवनकडची, तिचं इथे कोणी नाही. मुकादम तिला 'बारकी सायवन' म्हणतो आणि तिच्या नवऱ्याला धक्क्यावर 'बारकीवाला' म्हणतात. तो होळीलाच येतो. मी म्हटलं, काही खूण तरी सांग. तिने वर आभाळाकडे बोट दाखवलं. मी सूर्या लिहिलं, चंद्या लिहिलं, ढग काळे असतात म्हणून काळ्या लिहिलं. ती मान हलवत राहिली. एका तासाने कळलं की ती नाव सांगतच नव्हती; तो नारळाच्या झाडांवर चढतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. तर आत्या, तो बोर्डीतच, तुमच्या मागच्या वाडीत नारळ पाडायला असतो. उंच आहे, डाव्या कानात बाळी आहे. त्याला खाली उतरवून नाव विचारा आणि कोणी विचारलं ते सांगू नका. उत्तर शनिवारी सकाळच्या गाडीने येणाऱ्या कोणाबरोबर पाठवा. ते जमलं तर सरांना नाही लिहिलंत तरी चालेल.

आणखी ता. क. सोमवार. हे पत्र बाबांनी टाकलंच नाही. आज त्यांच्या कोटाच्या खिशात सापडलं, म्हणून त्याच कागदावर पुढे लिहिते. शनिवारी ढाल प्रभाला मिळाली. तिने निवडलेल्या तिघी बिनलग्नाच्या होत्या. त्यांनी वडिलांची नावं घडाघडा लिहिली. मला हे सुचलं नाही, यावरून ढाल योग्य घरी गेली असं म्हणावं लागेल. मी घरी येऊन थोडा वेळ रडले. मग आईने बाबांना थेट, माझ्यामार्फत नव्हे, सांगितलं की कॅलेंडर परत लावा, आणि बाबांनी लावलं. म्हणजे आता आमच्याकडे तारीख कळते आणि मला निरोप पोचवावे लागत नाहीत.

धक्क्यावर जायचं आज काही कारण नव्हतं, तरी गेले. बारकी पाटी घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं, ढाल गेली, आता सही लागत नाही. ती म्हणाली, "ढाल तुझी होती ताय. सही माझी हाय."

तेव्हा आत्या, घाई नाही, पण नाव तेवढं विचाराच. कागदावर लिहून पाठवा. मी ते मोठ्याने वाचणार नाही असं तिला कबूल केलं आहे. नुसतं पाटीवर काढून देईन, आणि ती गिरवील. नाव कितीही लांब असलं तरी चालेल. तिने 'बारकी'च्या पुढे बरीच जागा सोडली आहे.