कडेवरचा फोटो

छोटे,

आज कोर्टात कारखान्याच्या वकिलांनी माझा फोटो पुढे केला. "मशीनखाली पाठ मोडली म्हणता, मग मुलीला कडेवर कसं घेतलंत?"

माझं सोशल मीडियाचं खातं लॉक आहे. तो फोटो फक्त घरच्या सातजणांना दिसतो. समोरच्याच्या खात्यात वकिलाने चोरून शिरायचं नसतं, हे तूच सांगितलं होतंस. कारखान्याच्या त्या वकिलांच्याच ऑफिसात टायपिंग करतेस ना! ते शिरलेच नाहीत. आतून कडी तू काढलीस.

तुझं नाव मी घेतलं नाही. नोकरी गेली असती तुझी.

तो फोटो काढल्यानंतर पाठीच्या कळांनी तीन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. लेक तुझी होती. "ताई, रडतेय गं, घे ना एकदा," म्हणत मोबाइलही तूच धरला होतास.

तुझी ताईच, काय करणार