पागाचं शिसं

मालवण,
१२ नोव्हेंबर १९६१

दादा, नमस्कार.

इथे सगळं नेहमीसारखं. तुझी खुशाली विचारत नाही. शाळेत पेपर तपासतोय. खाडीत मासळी आलीय, पण आबा पागायला जात नाहीत. पागाच्या जाळ्याला शिसं उरलेलं नाही.

तू लिहिलेलंस ना, एक्स-रे काढताना पेशंटला धरायला तूच उभा राहतोस, शिशाचा एप्रन चिरलाय आणि इस्पितळ नवा देत नाही? मी ते आबा-आयेला वाचून दाखवलं. आबांनी पागाच्या घेराची सगळी शिशाची वजनं कातरून काढली, वितळवली, दगडावर ठोकून पत्रे केले.

मला म्हणाले, "शिसाच कित्याक रे? होडयेच्या नांगराचा लोखंड काय हलका आसा?"

मी मास्तरासारखं सांगितलं. तेवढ्याच आकाराचं शिसं लोखंडापेक्षा जड, जास्त दाट. पातळ पत्राही किरण अडवतो. लोखंड घेतलं तर इतकं जाड लागेल की दादाला वाकता येणार नाही.

आयेने विचारलं, "आणि सोना?"

"सोना शिशापरास जड," मी म्हटलं.

तिने कानातल्या कुड्या काढून पुढ्यात ठेवल्या.

आबा म्हणाले, "घाल तेच्यात! एक बोट झाकात तेचा!"

आये हसली. मीही हसलो. कसा, ते कळलं नाही.

पत्रे शिडाच्या कापडात घालून आबा शिवत होते. शिवता शिवता म्हणाले, "आता तेका काय होवचा नाय मां?"

गणपतीत मोटारस्टँडावर तू सांगितलंस, रक्त बिघडलंय, डॉक्टर वर्षापलीकडचं बोलत नाहीत. आयेक सांगू नको म्हणालास. मी ते पाळलं होतं. पण काल 'नाय' एवढंच म्हणायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. म्हटलं, "आबा, शिसा फुडचे किरण अडयता. दादाच्या आंगात गेले ते गेले." मग सगळंच सांगितलं.

आये चुलीकडे गेली, भात वाढला. मी जेवलो. पोटभर जेवलो, दादा.

आबांनी सुईत दोरा ओवला. म्हणाले,

"मगे तो जो काय उरलो आसा, तेका तरी शिसा राखात."

आणि शिवत राहिले.

पार्सल उद्याच्या मोटारीने निघेल. जड आहे. तरी घाल.

तुझा,
शिवा