उंद्रीच्या मंजुळाबाईला समजावणं

२ डिसेंबर १९६३, सोमवार

मुलाखतीचं पत्र आलं! ग्रामसेविकेची जागा, बारा तारखेला, बुलढाण्याला. वयाची मर्यादा यंदाच संपते, म्हणजे हा एकच डाव. मामेभाऊ रमाकांतदादा, मास्तर असल्यामुळे, सल्ला देऊनच गेला — पुस्तकातलं फारसं विचारत नाहीत, एखादा प्रसंग देतात आणि म्हणतात, आता काय कराल ते सांगा. असे पाच प्रसंग लिहूनही दिले. अक्षर नेहमीचंच, मुंग्या पळाल्यासारखं.

३ डिसेंबर

प्रसंग पहिला: गावातल्या बाया बिनधुराच्या चुलीला तयार नाहीत. लिहिलं — सभा घेईन. दुसरा: पोरांना लस टोचू देत नाहीत. सभा घेईन. तिसरा: सभेला कोणी येत नाही. इथे जरा अडले. मग लिहिलं — पुन्हा सभा घेईन.

सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, शेंगा सोलत ऐकत होत्या. "कापूस येचाच्या दिवसांत तुह्या सभेले कोन येईन? तू अन् तुही सतरंजी."

५ डिसेंबर

आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही गावातली बाई व्हा, मी तुम्हाला समजावते. लगेच पदर कपाळावर ओढला आणि नाव घेतलं — उंद्रीची मंजुळाबाई. अशी कोणी बाई नाही. पण हिला चार म्हशी आहेत, गुडघा धरतो आणि सरकारी माणूस दिसला की डोकं उठतं.

तासभर चूल समजावली. शेवटी म्हणते, "धूर बंद झाला तं छपराले वाळवी लागन. मंग वाळवीले समजावाले तू येशीन काय?" मला हसू आवरेना. त्यावर आत्याबाई रागावल्या, साहेबांपुढे अशीच हसशील म्हणून.

७ डिसेंबर

मंजुळाबाईने लस नाकारली. परवा चूल नाकारली होती. बाई एकदाही हो म्हणालेली नाही, आणि आत्याबाईंना ही बाई फार आवडायला लागली आहे.

९ डिसेंबर

प्रसंग चौथा: सासू सुनेला साक्षरता वर्गाला जाऊ देत नाही. वाचला. पदर मागे सारून मंजुळाबाई नव्हे, आत्याबाईच बोलल्या, "आधी त्या सासूले इच्यारजो, सून गेल्यावर ते घरात बोलन कोनासंगं." आणि घागर घेऊन पाण्याला गेल्या.

हे वारले त्याला दोन वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. नोकरी लागली तर धाडतील त्या गावी मला राहावं लागेल. आत्याबाई त्यावर हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी विचारलंच नाही. गावभर समजावत फिरणार म्हणे — आणि घरात विचारायला भिते.

१० डिसेंबर

सराव नाही. त्यांना वेळ नव्हता. मलाही नव्हता.

१२ डिसेंबर

तीन साहेब, एक बाई. "सभा सोडून काय ते सांगा," साहेब आधीच म्हणाले. माझ्याआधी नऊजणी आत जाऊन आल्या होत्या, सगळ्यांनी सभाच घेतल्या असणार.

आणि विचारलं काय, तर सुनेला वर्गाला न सोडणारी सासू! म्हटलं, आधी सासूलाच विचारीन, सून गेल्यावर तुम्ही बोलाल कोणाशी. मग वर्ग त्यांच्याच ओसरीवर भरवीन. साहेब म्हणाले, हे कुठे शिकलात? तोंडून गेलं — उंद्रीच्या मंजुळाबाईकडे. बाईंनी नाव लिहून घेतलं. आता पत्ता मागितला तर काय सांगू?

घरी सांगितलं तेव्हा आत्याबाई पोट धरून हसल्या. सासूचा प्रसंग तेवढा मी सांगितला नाही.

३ जानेवारी १९६४

हुकूम आला. नेमणूक जानेफळला. आत्याबाईंना वाचून दाखवला आणि कागदावरची नजर न काढता म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. त्या उठल्या आणि दिवसभर घरातलं एकेक भांडं घासत बसल्या.

४ जानेवारी

सकाळी आत्याबाई दाराशी गाठोडं घेऊन बसलेल्या, पदर कपाळावर. "उंद्रीची मंजुळाबाई हावो मी. जानेफळले बिनधुराची चूल असन तं एकडाव पाहीन म्हनते. चारी म्हशी इकून आली."