चिंधीचं झबलं

प्रिय बबडे,

आधी बातमी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. चिंधीचं ऑपरेशन झालं, बाईसाहेब ठणठणीत आहेत आणि मी हे लिहीत असताना शिलाई मशीनखाली बसून माझ्या टेपचं टोक चघळत आहेत. पिल्लं होण्याआधी एकदाचं उरकून घ्या, म्हणून तूच फोनवर माझ्या मागे लागली होतीस. मी हो हो म्हणत वेळ मारून नेत होतो. कधी कपडे द्यायची घाई, कधी मशीनचा पट्टा तुटलेला. खरं कारण तुला माहीतच आहे. तुझी आई त्या पांढऱ्या दारातून आत गेली ती परत आलीच नाही, तेव्हापासून औषधाचा नुसता वास आला तरी मी रस्ता बदलतो. दाढ ठणकली तेव्हाही तोंड दाबून बसलो, पण दवाखान्याची पायरी चढलो नाही. आणि आता कापडाच्या चिंध्यांत सापडलेल्या वीतभर कुत्रीसाठी चढायची!

पण चढलो. आदल्या रात्री तिला जेवायला द्यायचं नव्हतं. ती माझ्या ताटाकडे अशी टक लावून बसली की मलाही घास गिळेना, शेवटी दोघंही उपाशीच झोपलो. सकाळी डॉक्टरीणबाई तिला आत न्यायला लागल्या तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही घरी जा, झालं की फोन करते. मी म्हटलं, नाही, इथेच बसतो. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून बाहेरच्या बाकावर बसून पिशवीतल्या एका सदऱ्याची काजं करत राहिलो. नंतर पाहतो तर काय, दोन्ही पट्ट्यांवर काजंच काजं, बटणाला जागाच नाही! एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला अजून सांगितलेलं नाही, तूही कुठे बोलू नकोस.

तिला बाहेर आणलं तेव्हा जीभ लोंबलेली, डोळे अर्धवट मिटलेले. मला वाटलं, संपलं सगळं. बाई म्हणाल्या, अहो, भूल उतरतेय, घाबरू नका. आतले टाके आपोआप विरघळतील असंही त्यांनी सांगितलं. आता जन्मभर लोकांना माझी शिवण उसवणार नाही असं सांगत आलेल्या माणसाला हे कसं पटावं? पण वरचे टाके पाहिले आणि पटलं. बाईंच्या हाताला सफाई आहे.

जखम चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातला होता. तो घेऊन ती दारावर, मशीनवर, माझ्या नडग्यांवर धडकत फिरायची. मला बघवेना. तुझा लहानपणचा पिवळा फ्रॉक कपाटात होता, कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाईंना विचारून त्याचंच झबलं शिवलं. बटणं पोटाशी लावली, तर पठ्ठीने दोन तोडली आणि ती तिच्या तोंडातून काढता काढता मला घाम फुटला. मग पाठीवर नाड्या लावल्या. सवयीने खिसाही लावून बसलो, तर शेजारच्या बेकरीवाल्या वहिनी विचारतात, ही पाकीट ठेवते का त्यात? मधे एकदा टाक्यांपाशी लाल दिसलं, तेव्हा दुकान उघडं टाकून तिला उचलून दवाखान्यात धावलो. तसं काही नव्हतं. घरी आल्यावर लक्षात आलं की या वेळी पायरी चढताना औषधाचा वास मला जाणवलाच नाही.

एवढं पाल्हाळ लावलं, कारण परवा जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्या पोटात काही राहत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. पुढच्या महिन्यात तुझ्या पोटातली गाठ काढणार आहेत, गाठ साधीच आहे, आणि बाबांना झेपणार नाही म्हणून सगळं पार पडेपर्यंत मला कळू द्यायचं नाही, असं तू ठरवलं होतंस. फोन ठेवला आणि बसल्या जागी रडलो. बबडे, तुझं काही चुकलं नाही. महिन्याभरापूर्वी मला खरंच झेपलं नसतं. आता झेपेल. चिंधी वहिनींकडे राहील, माझं तिकीट काढून झालंय. तुझ्यासाठी सुती गाऊन शिवलाय, टाक्यांवर कुठेही शिवण येणार नाही असा, आणि खिसा या वेळी मुद्दाम लावलाय. काजं करायला जावईबापूंचाच सदरा घेईन, बिघडला तरी घरातच राहील. आत जाताना तूही एकदा मान वळवून बघ. मी बाकावर असेन.

तुझाच,
बाबा