बाईसाहेबांचा पाय

प्रिय पंक्चर,

मागे एका सकाळी देवापुढे हात जोडले, तुझ्या घराची किल्ली घेतली आणि तू मुलाकडे गेल्यापासून जातो तसा तुझ्या कोंबड्या सोडायला गेलो. खुराड्याची खालची फळी उचकटलेली होती. कुत्र्याचं काम. बाकीच्या कोंबड्या वरच्या दांडीवर अंग चोरून बसल्या होत्या, त्यांच्यातल्या तुझ्या लाडक्या बाईसाहेब मात्र दिसेनात. शोधता शोधता तुझ्या जुन्या टायरांच्या ढिगात सापडल्या. एक पाय मोडलेला आणि मांडीला चावा. फोनवर हे तुला बोललो नाही. तिथे बसून तू काय करणार होतास? आता ती बरी आहे, म्हणून सगळं सांगतो.

फडक्यात गुंडाळून तिला माझ्या कामाच्या जागी आणलं. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली, मलम दिलं आणि म्हणाले, पायाला काहीतरी आधार बांधा. आता हे सुताराला सांगितल्यावर तो काय करणार? चांगल्या शिसवी लाकडाचा तुकडा शोधला, रंधा मारला, कडा गोल केल्या आणि बांधला. बाईसाहेब उभ्या राहायला गेल्या आणि त्या वजनाने आडव्या झाल्या. तुझी वहिनी दारातच उभी होती. "कोंबडीला पाय लावलाय की पलंगाला?" म्हणाली आणि बराच वेळ हसत राहिली. मग आइस्क्रीमच्या काड्या कापून बांधल्या, तेव्हा जमलं.

खाण्याचं त्याहून अवघड. भिजवलेले दाणे कुस्करून चोचीशी धरायचे, पाणी चमच्याने चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचं, घाई केली तर ठसका लागतो. अंग धरावं म्हणून उकडलेल्या अंड्यातलं पिवळं भरवलं. त्यावर वहिनी म्हणाली, तिच्याच घरचा माल तिलाच खाऊ घालतोस आणि वर उपकार दाखवतोस.

पाय जुळला, जखम भरली, पण स्वतःहून ती एक दाणा टिपेना. तिच्यासाठी ठोकलेल्या लाकडी पेटीत ढलप्यांची मऊ गादी, खिडकीतलं ऊन, समोर पाणी, काही कमी नव्हतं. तरी भिंतीकडे तोंड करून बसायची. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पाय हलवून बघितला आणि म्हणाले, "हिला दुखत काही नाही. ही एकटी पडली आहे. कोंबडी दुसरीला खाताना बघून खाते." पण एकदम सोडू नका, हेही बजावलं. बरेच दिवस लांब राहिलेलीला बाकीच्या परकी समजतात आणि टोचून टोचून हैराण करतात.

मग मी पेटीला पुढून जाळी ठोकली आणि ती तुझ्या अंगणात नेऊन ठेवली. सुरुवातीला सगळ्या जाळीवर धावून गेल्या, नुसता कलकलाट. पुढे त्यांनाच कंटाळा आला. मी जाळीच्या आत-बाहेर दाणे टाकले. बाहेरच्या टिपायला लागल्या, आणि थोड्या वेळाने आत हिनेही मान खाली घातली. तुझ्या पायरीवर बसून मी ते बघत होतो. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि का कोण जाणे, बंद दाराकडे बघत तसाच बसून राहिलो.

आता ती मोकळी फिरते. लंगडते. दाण्याजवळ तिला सगळ्यांच्या शेवटी जागा मिळते, पांढरी तर मुद्दाम टोचते. ही दोन पावलं मागे सरते आणि पुन्हा घुसते. पण खाते.

तुझ्याबद्दल सूनबाईने फोनवर सांगितलं. ताट तसंच परत येतं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात, म्हणाली. ती पोर जिवापाड करते, मुलगाही करतो, त्यात मला काही खोट काढायची नाही. पाय काढावा लागल्यापासून त्यांनी तुला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिलेला नाही. घरी आणायचा विषय काढला की मुलगा म्हणतो, काका, बाबांची चाकांची खुर्ची आपल्या घराच्या त्या अरुंद दारातून जाणार कशी? आणि तू म्हणतोस, पंक्चर काढणाराच पंक्चर झाला, आता दुकान मोडीत घाल. मला हसू आलं नाही. दुकानाच्या कोपऱ्यावरचे लोक बघतील, चौकशा करतील, कीव करतील, याची तुला धास्ती आहे. शाळेत एका बाकावर बसलोय आपण, एवढं मला कळतं. ते टोचणारच. त्यावर माझ्याकडे मलम नाही.

दारावर मात्र माझ्याकडे इलाज होता. सूनबाईकडे खुर्चीचं माप मागितलं, तेव्हा तिने ते सांगितलं आणि लगेच म्हणाली, "थांबा काका, पुन्हा एकदा मोजून सांगते." गवंडी बोलावून भिंत फोडली आणि नवी रुंद चौकट बसवली. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. उंबरा ठेवला नाही. पायरीवर उतरती फळी टाकली, तिच्यावरून बाईसाहेब लंगडत आत जाऊन आल्या. जुनी चौकट परत बसवता येणार नाही. ती चिरून तिचं बुटकं टेबल केलंय, खुर्चीत बसून चाक उघडता येईल अशा उंचीचं. मदतीला मी आणि वहिनी आहोतच. आज सकाळी तुझं दुकान झाडलं आणि टेम्पोवाल्याला रविवारचं पक्कं सांगून आलो. मी स्वतः न्यायला येतोय. नको म्हणायचं असेल तर इथे ये, त्या दारातून आत जा, आणि मग म्हण.

तुझाच,
रंध्या