भरली ताटली

सातपूर, नाशिक
४ मार्च १९९८

आदरणीय व्याही कोंडाजीराव यांस धोंडीरामचा सविनय जयभीम.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा, दमा, रक्तदाब यांपैकी काही वर आलं असल्यास सविस्तर कळवावं. (उगाच विचारत नाही, का ते खाली येईल.) इकडे माझा आवाज बसला आहे आणि त्याचं दुःख फक्त मलाच आहे.

आपला मुलगा आणि माझा जावई राकेश ज्या रंगाच्या कारखान्यात पूड कालवतो, तिथली चिमूटभर पूड मी पुतणी प्रतिभाला तपासायला दिली. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवते. हे जंतू मुद्दाम अधू केलेले. एक पोषक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येत नाही, म्हणून ते उपाशी राहतात. पण एखाद्या रसायनाने त्यांची जनुकं बदलली, की काहींना ते पुन्हा बनवता येतं आणि काचेच्या ताटलीत त्यांचे ठिपके उगवतात. म्हणजे ठिपके जितके जास्त, तितकी धास्ती जास्त. (मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, भाषण थांबवा, ऐका.") पूड न घातलेली ताटली जवळजवळ रिकामी होती, पूड घातलेली गोवर उठावा तशी भरली.

दोन्ही घेऊन मी कारखान्यासमोर युनियनच्या गेटसभेत उभा राहिलो आणि गर्जलो, "बोला, यातली वाईट कुठली?" सगळ्यांनी रिकामीकडे बोट दाखवलं. समजावू लागलो, तर राकेशच ओरडला, "मामा, भरल्या ताटाला नावं ठेवता? जंतू मजेत जगतायत, आम्हाला काय धाड भरलीय?" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या सभेत एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

प्रतिभा म्हणते, ताटलीत दिसलं ते माणसात होईलच असं नाही. हा इशारा आहे. व्याही, 'कदाचित' या शब्दावर सभा जिंकता येत नाही. जन्मभर मला तो लागलाच नव्हता. आता रात्रंदिवस तोच डोक्यात आहे. राकेशचे कपडे माझी रूपाली हाताने धुते. तिच्या मोरीत रोज रंगपंचमी असते.

विहीणबाईंना जयभीम.

आपला,
धोंडीराम

ता. क. प्रकृती ठणठणीत असल्यास कृपया बिघडवावी. 'अंथरूण धरलंय, दोघं निघून या' एवढं राकेशला लिहा. तो माझं ऐकत नाही, आपल्यासाठी धावत येईल. आला की तिकडे आपल्याकडे मनमाडलाच ठेवून घ्या. (मी व्यासपीठावर कधी खोटं बोललो नाही, म्हणून हे काम आपल्याकडे.)

आणखी एक. रूपालीला पुन्हा दिवस गेलेत. मागच्या दोन्ही वेळी आपण हौसेने पाळणा घेऊन आलात आणि रिकामाच परत नेलात. या वेळी आणू नका. तिथेच टांगा आणि पोरांना बोलवा.